उशीतली वायर

मागच्या खोलीतल्या टेबलावरची कागदी गोगलगाय उजळलेली होती, म्हणजे सासूबाई आपल्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या होत्या. आणि खिडकीतून सूनबाईला दिसत होतं, की सासूबाई समोरच्या फुटपाथवरून, दुकानांच्या कडेकडेने चालल्या आहेत. तोच राखाडी स्वेटर, तोच डावा खांदा जरासा उचललेला. फुलांच्या दुकानापाशी त्या वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

सूनबाईने गोगलगायीकडे पाहिलं. शंखातला पिवळा दिवा ढिम्म हलत नव्हता.

आता ही गोगलगाय कुठून आली ते सांगायला हवं. सूनबाई सकाळभर एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात दात रोवायचे, हिरड्यांचा रंग जुळवायचा, घासून गुळगुळीत करायचं. दुपारी घरी आली की मात्र ती मागच्या खोलीत शिरायची, आणि तिथे तिची हौस सुरू व्हायची. बिस्किटांच्या डब्यांचं घड्याळ, तहान लागली की लाल दिवा लावणारी कुंडी, कुणी जवळून गेलं की शेपूट हलवणारा पुठ्ठ्याचा मासा. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. तो म्हणायचा, "आमच्या घरात काही बोलायचं तर आधी बघावं लागतं, आज कशाकशाला कान आलेत ते."

मागच्या हिवाळ्यात सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. कंबरेच्या हाडाला चीर गेली. बरेच महिने अंथरुणात काढल्यावर त्या काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागल्या, पण घरातल्या दोघांच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. सूनबाई डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची. जरा कुठे आवाज झाला की धावत जाऊन दार उघडायची. एकदा अशीच ती धाडकन आत शिरली, तर सासूबाई केस विंचरत बसलेल्या.

"अजून जिवंत आहे," सासूबाई म्हणाल्या. "हेच बघायला आली होतीस ना? मग बघितलंस. आता दार लोटलेलं असलं तर कुणी आत यायचं नाही. माणसाने केस तरी एकटीने विंचरावेत की नाही?"

सूनबाईला वाईट वाटलं आणि पटलंही. पण काळजी काही पटण्या-न पटण्याने जात नाही. तेव्हा तिने एक उपाय काढला. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर स्वयंपाकघरातली चंदेरी फॉईल चिकटवली. मधे भोकं पाडलेला पातळ स्पंज घातला. वर कुणी बसलं की स्पंज दबायचा, भोकांतून फॉईल फॉईलला टेकायची आणि वीज पुढे जायची. उठलं की पुन्हा तुटायची. हे सगळं तिने एका मऊ उशीत शिवलं. उशीतून निघालेली वायर खुर्चीच्या पायाला लावून, भिंतीच्या कडेकडेने मागच्या खोलीत आणली आणि दिवा कागदी गोगलगायीच्या पोटात बसवला. दिवा फार वेळ विझलेला राहिला, तरच काहीतरी निमित्त काढून जायचं, एरवी नाही, असं तिने ठरवलं.

सासूबाईंना तिने इतकंच सांगितलं, "आई, तुमच्या कंबरेसाठी उशी केलीय."

"हो का," सासूबाई म्हणाल्या. बसून बघितलं आणि म्हणाल्या, "बरी आहे."

एवढ्यावर ते प्रकरण मिटलं असं सूनबाईला वाटलं. दिवा लागायचा, विझायचा, आणि ती निर्धास्त मनाने आपल्या वायरी सोलत बसायची. आणि आज हे असं.

ती उठून सासूबाईंच्या खोलीपाशी गेली. दार लोटलेलं. तिने मुठीवर हात ठेवला आणि काढला. आत सासूबाई असल्या तर काय सांगायचं? आत्ताच तुम्हाला रस्त्यावर पाहिलं, म्हणून तुम्ही घरात आहात का ते बघायला आले? तिने दोनदा हलकेच टकटक केली. आतून उत्तर नाही. दुपारी त्या कानातलं यंत्र काढून ठेवायच्या, तेव्हा त्याचंही नवल नव्हतं. ती परत आली. दिवा चालूच होता.

संध्याकाळी चहा घेताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, दुपारी बाहेर गेला होतात का?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "कोण, मी?"

"नाही, मला आपलं वाटलं."

"जिन्याच्या किती पायऱ्या आहेत माहीत आहे ना?" सासूबाई म्हणाल्या, आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, काहीतरी नवीन सुचल्यासारख्या. सूनबाईला ती नजर कळली नाही.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याच्या दुकानात जाऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझे डोळे तपास."

त्याने तपासले. भिंग बदलून बदलून अक्षरं वाचायला लावली. "डोळे ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "बाकीचं काही बिघडलं असेल, तर ते आमच्याकडे तपासत नाहीत."

मग तिने उशीचं यंत्र तपासलं. सासूबाई अंघोळीला गेल्या की ती गुपचूप खोलीत जायची. उशी दाबली की दिवा लागायचा, सोडली की विझायचा. तिने वायरचा प्रत्येक जोड मल्टिमीटरने पाहिला, जुना स्पंज काढून नवा घातला, फॉईलला सुरकुती आहे का ते बोट फिरवून बघितलं. कुठे खोट म्हणून नव्हती. डोळे खरे, यंत्रही खरं, मग त्या दुपारचं काय, हे काही केल्या तिला उलगडेना.

आणि गोष्टी वाढतच चालल्या. एका दुपारी गोगलगाय लखलखीत उजळलेली असताना जिन्यावरून सासूबाईंचा खोकला ऐकू आला. ती दारापर्यंत जाईतो जिन्यात कुणीच नव्हतं. एकदा सासूबाईंच्या बुटांचे तळ ओले दिसले. विचारलं तर म्हणाल्या, "कुंड्यांना पाणी घातलं, तेव्हा सांडलं असेल." कुंड्यांची माती कोरडी होती, तहानलेल्या कुंडीचा लाल दिवासुद्धा लागलेला होता. पण कुंडीच्या साक्षीवर सासूबाईंना खोटं कसं पाडायचं? शिवाय स्वतःच्या मनात चोर. उशीचं खरं आपण तरी कुठे सांगितलंय?

सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ती नेहमी जायची. तिथला दुकानदार अर्धवट झोपेत असल्यासारखा बोलायचा, पण सांगायचं ते नेमकं सांगायचा. तिने त्याला सगळा मामला सांगितला, सासूबाईंच्या ऐवजी मैत्रिणीच्या सासूबाई म्हणून.

"दमटपणा?" तो म्हणाला.

"नाही. बघितलं."

"वायर कुठे सोललेली?"

"तेही बघितलं."

त्याने डोकं खाजवलं. "मग कुणीतरी बसत असेल. दिव्याला वजन कळतं बाई, माणूस कळत नाही. तुमच्या मैत्रिणीने आधी हे शोधावं, की बसतंय कोण."

घरी परतताना तिच्या मनात पाल चुकचुकली. बसतंय कोण? ती खुर्ची मुळात सासऱ्यांची. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. रात्रीच्या जेवणात तिने नवऱ्याला दुकानदाराचं बोलणं सांगितलं. सासूबाई आधीच जेवून झोपायला गेल्या होत्या.

"बाबा येऊन बसत असतील," नवरा हसत म्हणाला. मग त्याने हसणं थांबवलं आणि भात कालवायला घेतला.

"पण मला एक सांग," तो म्हणाला, "आई खुर्चीत आहे की नाही ते खुर्चीत बघून कळतं. दिव्यात काय बघत बसतेस?"

"दार लोटलेलं असलं की जायचं नाही, असं ठरलंय."

"मग तिलाच विचार."

"काय विचारू? तुमच्या उशीत मी वायर घातलीय, ती म्हणते तुम्ही आत आहात, आणि बूट म्हणतात तुम्ही बाहेर होता?"

नवऱ्याने विचार केला. "नको," तो म्हणाला. "नको विचारूस."

त्यानंतर सूनबाईचं कामात लक्ष लागेना. लॅबमध्ये तिने एका कवळीत सुळा उलट्या बाजूला बसवला. मालकीणबाईंनी ती तिच्यापुढे ठेवली. घरी बसलं की नजर सारखी दिव्यावर. लागलेला असला तर वाटायचं, खोटं सांगतोय. विझलेला असला तर वाटायचं, आता काय झालं. दिवा नव्हता तेव्हा निदान एकच काळजी होती.

तरीही ज्या दुपारी सगळं उघडं पडलं, त्या दुपारी ती निवांत होती. कागदाच्या एका बगळ्याची मान वर-खाली व्हावी म्हणून ती छोटी मोटर बसवत होती, आणि ती पहिल्याच फटक्यात जमली होती. गोगलगाय उजळलेली होती. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात कोपऱ्यावरची लाँड्रीवाली उभी होती. बाह्या वर सरसावलेल्या, कपाळावर घाम.

"घाबरू नका," ती म्हणाली, आणि अर्थातच सूनबाई घाबरली. "तुमच्या सासूबाई माझ्या दुकानात बसल्यात. पाय पुढे टाकवेना म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हाला सांगून येते."

"माझ्या सासूबाई? त्या घरात आहेत."

"अहो, माझ्याकडे बाकावर आहेत."

"नाही, नाही. खुर्चीत आहेत. तुम्ही या इकडे." तिने त्या बाईला चक्क हाताला धरून मागच्या खोलीत आणलं आणि गोगलगाय दाखवली. "हा बघा. हा लागलाय ना? म्हणजे त्या बसलेल्या आहेत."

लाँड्रीवालीने गोगलगायीकडे पाहिलं, मान हलवणाऱ्या बगळ्याकडे पाहिलं, आणि मग सूनबाईकडे पाहिलं. "बाई," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही पाणी प्या जरा."

तेव्हा कुठे सूनबाईने ते दार उघडलं. टकटक न करता. खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची रिकामी, उशी रिकामी. उशीच्या मागच्या बाजूची शिवण बोटभर उसवलेली होती. तिथून वायरीच्या दोन उघड्या तारा बाहेर आल्या होत्या, आणि दोन्हींवर मिळून केसांचा एक आकडा घट्ट बसवलेला होता. म्हणजे वर कुणी बसो न बसो, विजेची वाट मोकळी. सूनबाईने आकडा तसाच ठेवला आणि जिना उतरली.

लाँड्रीत गरम वाफेचा आणि साबणाचा वास होता. घड्या घातलेल्या चादरींच्या दोन ढिगांच्या मधे सासूबाई बाकावर बसल्या होत्या, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून, आगगाडीची वाट बघत बसावं तशा.

"लागलं का कुठे?" सूनबाईने विचारलं.

"नाही. पाय थकले. पुलापर्यंत जायचं होतं, तिथवर पोचलेच नाही. परत येताना इथे बसावं लागलं."

"आई, तो आकडा."

"दिसला का," सासूबाई म्हणाल्या.

लाँड्रीवाली तत्परतेने आतल्या बाजूला गेली आणि इस्त्री करू लागली, पण इस्त्रीचा आवाज काही येत नव्हता.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. बसलं की कुरकुरणारी उशी मी जन्मात पाहिली नव्हती. आणि उशीला वायर कशाला लागते गं?" सासूबाईंचा आवाज शांत होता. "मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी केली. समोर दिव्यांचा बोर्ड असायचा. कुणी फोन उचलला की इकडे दिवा. जेवायला उठायचं असलं आणि वरचे साहेब सोडत नसले, की आम्ही मुली बोर्डात एक जोडणीची दोरी उगीचच खोचून ठेवायचो. लाइन एंगेज दिसायची. तेच केलं. परत आले की आकडा काढायचा आणि शिवणीला दोन टाके घालायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

सूनबाई चादरींच्या ढिगाला टेकून उभी राहिली. राग येत होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे त्या पहिल्या दिवशी फुलांच्या दुकानापाशी तुम्हीच होता."

"कुठल्या दिवशी?"

"मी चहा घेताना विचारलं त्या दिवशी. राखाडी स्वेटर घालून चालला होतात."

सासूबाईंनी मान हलवली. "त्या दिवशी मी खुर्चीतच होते. तू दोनदा टकटक केलीस, तीही ऐकली, कानातलं यंत्र काढलेलं नव्हतं. मुद्दामच उत्तर दिलं नाही. संध्याकाळी तू विचारलंस, बाहेर गेला होतात का, तेव्हा माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, हिला मी रस्त्यावर चालताना दिसू शकते, तर मला का दिसू नये. तोवर मी हिंमत सोडलेली होती. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत गेले."

सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. त्या दिवशी दिवा खरं बोलत होता आणि ठणठणीत डोळ्यांनी धोका दिला होता. मग ती बाई कोण होती? तिने तिला वळेपर्यंत पाहिलं होतं, चांगलं निरखून.

"पण असं चोरून कशाला, आई? मी आले असते सोबत."

"म्हणूनच. तू सोबत असलीस की तू माझ्या पायांकडे बघतेस. मग मीही पायांकडे बघते, आणि पाऊल चुकतं. कुणी बघत नसलं की बरोबर पडतं."

"आणि आज?" सूनबाईचा आवाज चढला. "आज दिवा लागला होता आणि मी बगळ्याला मान लावत बसले होते. तुम्ही रस्त्यात पडला असतात, तरी मी तशीच बसून राहिले असते. निवांत. दिवा लागलाय म्हणून."

काठीची मूठ सासूबाईंनी एकदा या हातात घेतली, एकदा त्या हातात. आतून इस्त्रीची एक वाफ आली. "ते माझ्या लक्षात आलं नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "लाइन एंगेज असली, तर खरा फोन लागत नाही. हे मला कळायला हवं होतं."

घरी जाताना सूनबाईने हात पुढे केला. सासूबाईंनी तो धरला नाही. "दोन पावलं मागून ये," त्या म्हणाल्या, "आणि दुकानांकडे बघ." सूनबाई दुकानांकडे बघत चालली. काचांमध्ये सासूबाई दिसत होत्या, तेव्हा दोघींचंही भागलं. जिन्याला मात्र फार वेळ लागला. मधल्या वळणावर सासूबाई थांबल्या आणि न विचारता त्यांनीच तिचा दंड धरला.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं, तेव्हा त्याने आधी आईकडे बघितलं, मग बायकोकडे. "गोगलगाय नि पोटात पाय," तो म्हणाला, आणि दोघींनी एकदमच त्याच्याकडे असं पाहिलं, की तो कोणाला म्हणाला ते त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाई उशी उसवत बसली होती, तेव्हा सासूबाई काठी टेकत मागच्या खोलीत आल्या. या खोलीत त्या याआधी बसल्या नव्हत्या. स्टुलावर बसून त्यांनी सगळं नीट पाहून घेतलं: डब्यांचं घड्याळ, मासा, वायरींची भेंडोळी.

"ती फॉईल टाकून दे," त्या म्हणाल्या. "दाराजवळ एक बटण लाव. मी बाहेर जाताना मी दाबीन, आले की मी सोडीन. दिवा लागलेला म्हणजे मी बाहेर. फार वेळ लागून राहिला, तर ये शोधायला. मी कुठे बसले, कधी उठले, याचा दिवा नको."

"आणि घरात पडलात तर?"

"हाक मारीन. पण तू तुझा तो पंखा नि त्या मोटरींची घरघर बंद ठेवलीस तर ऐकू जाईल ना."

यावर दोघींची बरीच वादावादी झाली. शेवटी न्हाणीघरात आणि पलंगाशी ओढायची एकेक दोरी आणि तिला घंटा, यावर तडजोड झाली. सासूबाईंनी आणखी एक अट घातली, की असाच एक दिवा त्यांच्या खोलीतही हवा, सूनबाई लॅबमधून परत आली की कळायला. "माझंही लक्ष असतं म्हटलं दारावर. एरवी मी काय करते असं वाटतं तुला दिवसभर?"

हे सूनबाईला कधी सुचलंच नव्हतं. तिने वायरी डाखायची सोल्डरिंग गन त्यांच्या हातात दिली आणि तिचं तापलेलं टोक कसं धरायचं ते दाखवलं. सासूबाईंचा पहिला जोड गोळीएवढा जाड झाला. सूनबाईने तो काढून पुन्हा करावा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "वीज जाते ना त्यातून? मग राहू दे."

बटण बसल्यानंतरच्या पहिल्या दुपारी दिवा लागला आणि बाहेरचं दार बंद झाल्याचा आवाज आला. सूनबाईला खिडकीत जावंसं वाटलं. ती गेली नाही. मग गेली. रस्त्यावर बरीच माणसं होती. राखाडी स्वेटर घातलेल्या दोघी दिसल्या, एक फुलांच्या दुकानाशी, एक पलीकडे. दोघींपैकी कुणीही सासूबाई असू शकली असती, किंवा दोघीही नसतील. सकाळी तिने स्वतः सासूबाईंना कुठला स्वेटर काढून दिला होता, तेही तिला आता खात्रीने आठवेना. ती परत येऊन बसली. हातातली मोटर तशीच राहिली.

दिवा विझला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. सासूबाई आपल्या खोलीत गेल्या, दार लोटलं, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत कुठे गेले, कशी गेले, याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सूनबाईनेही विचारलं नाही. पानावर बसल्यावर मात्र त्या मुलाला म्हणाल्या, "पुलाच्या पायऱ्या फोडून ठेवल्यात रे. दुरुस्ती चालू आहे. उद्या मी मागच्या रस्त्याने जाऊन बघणार आहे, तिकडून चढ आहे का ते." आणि सूनबाईकडे वळून म्हणाल्या, "तुला माहीत आहे का तो रस्ता?"

"नाही," सूनबाई म्हणाली. "मी त्या बाजूला कधी गेलेच नाही."

"मग सांगीन तुला," सासूबाई म्हणाल्या आणि वाटी पुढे सरकवली.